खुर्द्याची मोजदाद

रोकड नाहीशी होईल काय, हा प्रश्न आता केवळ अर्थशास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. भाजीच्या पाटीपाशी, रिक्षाच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, फार काय देवळाच्या दानपेटीजवळसुद्धा काळ्यापांढऱ्या चौकटींचा तो परिचित कागद चिकटवलेला असतो, आणि माणसे खिशात हात घालतात ते पाकीट काढण्यासाठी नव्हे, तर मोबाइल काढण्यासाठी. नाणी आणि नोटा आपल्या हयातीतच वस्तुसंग्रहालयात जाऊन बसतील, असे काहीजण उत्साहाने सांगतात. तसे कदापि होणार नाही, असे दुसरे तितक्याच निश्चयाने सांगतात. भविष्य वर्तविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु पैशाने आपले रूप पालटण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. पूर्वी ते कसे पालटले आणि त्या पालटाची किंमत कोणी दिली, हे पाहिले, तर आजच्या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी आपल्याला लाभेल असे वाटते.

पानिपतच्या संहाराची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना १७६१ च्या जानेवारीत एका सावकारी पत्रातून कळली, ही हकीकत मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आलेला असतो. सावकाराने ती वार्ता लिहिली पैशाच्या भाषेत. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहोरा म्हणजे नामांकित सरदार. मोती किती आणि मोहोरा किती गेल्या, याचा आकडा पत्रात होता. रुपये आणि खुर्दा, म्हणजे साधे शिपाई आणि त्यांच्यामागून गेलेली असंख्य माणसे, यांची मात्र मोजदाद होण्यासारखी नव्हती. हा संकेत वाचणाऱ्याला तत्काळ उमगला, कारण नाण्यांची ती उतरंड त्या काळी प्रत्येकाच्या परिचयाची होती.

मला आज बोलावयाचे आहे ते त्या पत्रातील शेवटच्या शब्दाविषयी. खुर्दा म्हणजे मोड, सुटे नाणे, चिल्लर. चलनाच्या प्रत्येक स्थित्यंतरात मोत्यांचा आणि मोहोरांचा हिशेब काळजीपूर्वक ठेवला जातो. खुर्द्याची मोजदाद बहुधा राहून जाते. आजच्या स्थित्यंतरात ती राहून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. हाताला न लागणारा पैसा ही आपल्या काळाची निर्मिती नव्हे. आपल्या देशात तो कित्येक शतके हुंडीच्या रूपाने वावरत होता. पुण्याच्या सावकाराने काशीतील आपल्या आडत्यावर हुंडी लिहून दिली, की वाटेतल्या चोराचिलटांची धास्ती न बाळगता यात्रेकरू निश्चिंतपणे प्रवासाला निघे. पाहताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. प्रतिष्ठित पेढीमार्फतच जिचे पैसे मिळत ती शाहजोग. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोखा हे नाव होते. या साऱ्या सेवेबद्दल सावकार जे घेई ती हुंडणावळ. आज आपण मोबाइलवरून पैसे पाठवितो तेव्हाही रुपया जागचा हलत नाही. एका बँकेच्या वहीत तो नावे पडतो आणि दुसरीच्या वहीत जमा होतो. तत्त्व हुंडीचेच आहे. वेग मात्र असा, की जुन्या सावकाराला ती जादू वाटावी.

इतकी सोयीची हुंडी असूनही तिने नाण्याला हद्दपार केले नाही. याचे कारण उघड आहे. हुंडी ही मोहोरांच्या पातळीवर चालणारी वस्तू होती. फौजेचा खर्च, प्रांताचा वसूल, मोठा व्यापार आणि लांबची यात्रा ही तिची कामे. शेरभर मीठ घेणाऱ्या बाईला हुंडीचा उपयोग नव्हता. तिला तांब्याचे नाणे हवे होते, आणि त्याहून लहान सौद्याला कवडी हवी होती. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला तशीच तांब्याची शिवराईही पाडली. होन लवकरच दुर्मिळ झाला; शिवराई मात्र राज्ये गेली तरी दख्खनच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिरत राहिली. खुर्दा असा चिवट असतो. तो दरबाराच्या आज्ञेवर जगत नाही, बाजाराच्या गरजेवर जगतो.

परंतु या खुर्द्याच्या मागे एक भूत कायम लागलेले असे. त्याचे नाव बट्टा. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे अनेक प्रकारचे रुपये एकाच बाजारात चालत. त्यांचा कस वेगळा, वजन वेगळे, आणि दर रोज नवा. एका प्रकारचे नाणे देऊन दुसऱ्या प्रकारचे घ्यावयाचे तर सराफ बट्टा कापून घेई. मोठ्या सावकाराच्या वहीत बट्टा ही एक बाब होती. तो इकडून दिला तर तिकडून भरून काढी. ज्याच्याजवळ दुसरी बाजू नव्हती त्याच्या पदरचा मात्र बट्टा जाई तो जाईच. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार आपण आजही सहज वापरतो. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा असा अनुभव साठलेला आहे. माझ्या आजोबांच्या मराठवाड्यातील हिशेबवहीत हाली आणि कलदार असे दोन रकाने आहेत. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी यंत्रावर पडलेला. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरही काही वर्षे हे दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालत होते, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब करावा लागे.

राजाने मनात आणले म्हणून कोणतीही वस्तू पैसा होते काय, याची परीक्षा आपल्या देशात फार पूर्वी झालेली आहे. महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास दिल्ली आणि दौलताबाद येथे तांब्यापितळेची नाणी पाडली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालावीत असे फर्मान काढले. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराचीच आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्या नाण्यांवर होता. कल्पना बुद्धिमान होती. आजची नोट त्याच तत्त्वावर उभी आहे. पण त्या नाण्याची नक्कल करणे सोपे होते, आणि घरोघर टांकसाळी निघाल्या, असे इतिहासकार बरनी सांगतो. तीन एक वर्षांत सुलतानाला ती नाणी परत घ्यावी लागली, आणि खोट्याखऱ्याची निवड न करता खजिन्यातून चांदी मोजावी लागली. आपल्या नोटेवरील मजकूर याहून अगदी वेगळा आहे. तीत आज्ञा नाही. धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन आहे. धारक म्हणजे ज्याच्या हाती ती नोट असेल तो. त्याचे नाव, गाव, जात, शिक्षण यांची विचारणा त्या वचनात नाही. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

चलन पालटताना खुर्द्याचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रात नव्हे, तर ओडिशात सापडते. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मला त्या राज्यात काही वर्षे राहावयास मिळाले. जगन्नाथाच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींना खुर्दा रोड हे रेल्वेस्थानक ठाऊक असते. ओडिया उच्चार खोर्धा असा आहे, आणि आपल्या खुर्द्याशी असलेले त्याचे साम्य हे ध्वनीपुरतेच समजावे. तथापि खुर्द्याची कहाणी खुर्दा नावाच्याच मुलखात घडावी, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

१७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा किनारी मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. तो अंमल सौम्य होता, असे म्हणण्याचे कारण नाही. तेथील लोकस्मृतीत त्याच्या आठवणी कडूच आहेत. पण एका बाबतीत मराठ्यांनी जुनी रीत मोडली नाही. त्या प्रांताचे खरे चलन कवडी हे होते, आणि सरकारी साराही कवड्यांत घेतला जाई. मालदीव बेटांवरून गलबतांतून या कवड्या बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावर येत. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण, असे त्यांचे कोष्टक होते. एका काहणात १२८० कवड्या होत. चार काहणांना एक रुपया असा दर सर्वसाधारणपणे धरला जाई. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या झाल्या. आपण कवडीमोल म्हणतो ते तुच्छतेने. त्या मुलखात कवडी म्हणजे मजुराची मजुरी, कोळ्याची मासळी आणि शेतकऱ्याचा सारा होता.

१८०३ मध्ये इंग्रजांनी हा प्रांत जिंकला आणि काही वर्षांतच सारा चांदीच्या रुपयांत भरला पाहिजे असा दंडक घातला. कलकत्त्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी तर्कशुद्ध होता. कवड्या मोजावयाच्या कशा, साठवावयाच्या कोठे आणि वाहून न्यावयाच्या किती बैलांवरून? एक देश, एक नाणे, सुटसुटीत हिशेब, यांत गैर ते काय? येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कवडी वापरू नका, असे बाजारातल्या माणसाला कोणीही सांगितले नाही. बाजारात ती चालतच होती. केवळ एका ठिकाणी, सरकारी कचेरीत, ती चालेनाशी झाली.

त्याचा परिणाम मात्र साऱ्या बाजारावर झाला. शेतकऱ्याने भात विकले की त्याला मिळत कवड्या. सारा मागितला जाई रुपयांत. हप्त्याची तारीख जवळ आली की साऱ्या प्रांताला एकाच वेळी चांदी हवी असे, आणि चांदी तर वसूल होऊन प्रांताबाहेर जात होती. रुपया महागला, कवडी उतरली. चार काहणांचा रुपया सहा आणि सात काहणांना मिळू लागला. म्हणजे ज्याचा सारा एक रुपया होता, त्याला पूर्वीच्या ५१२० कवड्यांऐवजी ८९६० पर्यंत कवड्या मोजाव्या लागल्या. साऱ्याचा आकडा कागदावर तसाच राहिला असता, तरीही रयतेवरचा बोजा पाऊणपटीने वाढला असता. आणि सारा तर तसा राहिला नव्हताच. सराफाने मात्र दोन्ही बाजूंनी आपला बट्टा घेतला.

याच्या जोडीला इतर अन्यायही होते. मिठाचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतल्याने समुद्रकाठच्या लोकांना मीठ महाग झाले. थकलेल्या जमीनदाऱ्यांचे लिलाव दूर कलकत्त्यास होऊ लागले, आणि तेथील पैसेवाल्यांनी त्या अल्प किमतीत घेतल्या. खुर्द्याच्या राजाचे शिपाई, ज्यांना पाइक म्हणत, त्यांच्या चाकरीच्या जमिनी गेल्या. राजाचा बक्षी जगबंधू याची जहागीर गेली. १८१७ च्या मार्चमध्ये या साऱ्याचा स्फोट झाला. घुमसरकडून कंध लोक आले, पाइक त्यांना मिळाले, बाणपूरचे ठाणे आणि सरकारी कचेऱ्या यांवर त्यांनी हल्ला केला. हा उठाव पुढे मोडून काढण्यात आला. जगबंधू १८२५ मध्ये स्वाधीन झाला आणि १८२९ मध्ये वारला. उठावाची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या ईवर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात जमीन आणि मीठ यांच्या बरोबरीने कवडीच्या घसरणीचाही उल्लेख आहे. कवडी हे उठावाचे एकमेव कारण नव्हते. पण अहवाल लिहिला जाईपर्यंत ज्यांचे घरदार गेले, त्यांची मोजदाद कोणीही केलेली नव्हती.

मी स्वतः कचेरीत बसणारा माणूस आहे, आणि म्हणूनच ही कहाणी मला अस्वस्थ करते. तो दंडक घालणारे अधिकारी दुष्ट होते असे मला वाटत नाही. ते हिशेब सोपा करीत होते. फक्त तो आपल्या बाजूने सोपा करताना, खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने तो किती कठीण होतो, हे पाहण्याचे त्यांना सुचले नाही.

याउलट एखादे नवे चलन लोकांनी मनापासून स्वीकारल्याचेही उदाहरण आहे. १८६१ च्या कायद्याने आपल्याकडे सरकारी कागदी नोटा आल्या. देशाचे विभाग पाडलेले होते, आणि मुंबई विभागाची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. तेथे ती बदलून घेण्यास बट्टा पडे. साहजिकच लोक कागदाकडे संशयाने पाहत आणि चांदी मडक्यात पुरून ठेवीत. सरकारने हळूहळू ही आडकाठी काढली. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्व देशात चालू लागली. १९१० आणि १९११ मध्ये मोठ्या नोटांनाही ती मोकळीक मिळाली. पुढे महायुद्धात चांदी दुर्मिळ झाल्याने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली. नोट खेडोपाडी पोहोचली ती तिचा बट्टा गेल्यावर आणि ती लहान झाल्यावर. तोवर तिच्या शेजारी चांदीचा रुपया खणखणत होता, आणि कोणी कोणावर सक्ती केली नव्हती.

दशमान पद्धतीच्या वेळीही असेच धोरण ठेवले गेले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पण सव्वासहा देता येत नसल्याने आण्याला सहा नवे पैसे धरावे लागत. पाव पैसा कोणाचा बुडाला, यावरून दुकानांतून कुरबुरी झाल्या. तरीही जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बरोबर चालू दिल्याने लोक सावरले. भाषेने तर जुने नाणे अजून सोडलेले नाही. आमच्या महसूल खात्यात पिकाच्या अंदाजाला पैसेवारी हा शब्द रूढ केला गेला, पण शेतकरी अजूनही आणेवारीच विचारतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १९४६ आणि १९७८ मध्येही नोटा रद्द झाल्या होत्या, पण त्या मोठ्या रकमांच्या. सामान्य माणसाने त्या क्वचितच पाहिलेल्या होत्या. २०१६ मध्ये रद्द झालेल्या नोटा मोलाने एकूण चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या, हे पुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. त्या दिवसांत मी ज्या रांगा पाहिल्या त्यांत मोत्यांपैकी आणि मोहोरांपैकी कोणी उभे असल्याचे मला आठवत नाही.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली होती. नोटाबंदीनंतर आणि पुढे महामारीच्या काळात तिने वेग घेतला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातील तिच्या व्यवहारांनी १००० कोटींचा आकडा ओलांडला. कोणासही वाटावे, की आता नोटांचे दिवस भरले. पण नोटाबंदीच्या वेळी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते, ते मार्च २०२४ अखेर सुमारे ३५ लाख कोटींवर गेले. म्हणजे डिजिटल व्यवहार वाढले आणि नोटाही वाढल्या. माणसे चहाचे पैसे मोबाइलने देतात, आणि अडीअडचणीला म्हणून नोटा घरात ठेवतात. हुंडी आणि नाणे जसे शेजारी नांदले तसेच हे दिसते.

परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही, कारण या वेळी एक गोष्ट खरोखरच नवी आहे. हुंडी कधी खुर्द्यापर्यंत उतरली नव्हती. यूपीआय उतरली आहे. पाच-दहा रुपयांचा सौदा वहीतल्या पैशाने व्हावा, हे आपल्या इतिहासात प्रथमच घडत आहे. आणि त्याचे लाभ खरे आहेत. कोकणातील कित्येक घरे एकेकाळी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. ती पोहोचण्यास दिवस लागत, आणि शंभर रुपयांमागे पाच रुपये टपालखात्याला द्यावे लागत. आज सुरतेच्या मागावर काम करणारा ओडिशाच्या गंजाममधील मजूर एका क्षणात घरी पैसे पाठवितो, तेही बट्ट्यावाचून. गरिबाचा बट्टा वाचविणाऱ्या या साधनाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

मग प्रश्न उरतो तो कचेरीच्या खिडकीचा. नोट रद्द करण्याची आवश्यकता नाही. एकेका खिडकीने ती नाकारली, की पुरे. राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट टोल द्यावा लागू लागला. नोव्हेंबर २०२५ पासून असा भेद झाला, की फास्टॅग नसता मोबाइलने पैसे दिले तर सव्वापट, आणि रोख दिले तर दुप्पट. गाड्यांच्या रांगा मोडण्याचा यामागील हेतू समजण्यासारखा आहे, आणि मोटारवाल्याला तो भार सोसवतो. पण जुन्या भाषेत बोलावयाचे तर हा रोकडीवर लावलेला बट्टाच होय. हीच रीत उद्या दवाखान्याच्या, शाळेच्या, रेशन दुकानाच्या खिडकीवर आली, तर तो कोण सोसणार, हे आधीच विचारून ठेवावयास हवे.

गेल्या दिवाळीत गावच्या आठवडी बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या पाटीपुढे मी तो ठिपक्यांचा कागद पाहिला. मी कौतुकाने विचारले, “मावशी, पैसे कोणाच्या खात्यात जातात?” त्या म्हणाल्या, “नातवाच्या, दादा. पुण्याला असतो तो.” “मग तुम्हाला मिळतात ना?” “सणावाराला आला की देतो की.” आणि कमरेची चंची दाखवून म्हणाल्या, “मीठमिरची याच्यातूनच घ्यायची.” मी खिसे चाचपले, माझ्याजवळ सुटे पैसे नव्हते. मी मोबाइलने दहा रुपये दिले. नातू प्रामाणिक असेल, याविषयी मला शंका नाही. पण त्या दिवशीची त्यांची मीठमिरची मी पुण्याला पाठवून दिली होती, हे घरी येईपर्यंत मला टोचत राहिले. धारकाला दिलेले वचन नोटेबरोबर थेट त्यांच्या हातात पडत होते. वहीतला पैसा वाटेत दुसऱ्या दाराशी थांबला.

आणखी एक आठवण ओडिशातील आहे. ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले. पुरी आणि खुर्दा जिल्ह्यांत विजेचे खांब उन्मळून पडले, मोबाइल मुके झाले, एटीएम बंद पडली. अनेक दिवस पाणी, मेणबत्ती, तांदूळ, जे मिळेल ते केवळ रोखीने मिळत होते. ज्याच्याजवळ शंभराच्या आणि दहाच्या नोटा होत्या तो त्या दिवसांत श्रीमंत होता, आणि खात्यात लाखो रुपये असलेली माणसे शेजाऱ्याकडे उसने मागत होती. सरकारी साहाय्यातही तांदळाबरोबर रोख रक्कम वाटावी लागली.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. रोकड जवळजवळ सोडून दिलेला देश म्हणून स्वीडनचे नाव घेतले जाते. युरोपातील पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये तेथेच निघाल्या, कारण तेथील तांब्याची नाणी इतकी अवजड होती, की मोठे नाणे वीस किलोच्या घरात जाई. त्याच देशाला २०२१ पासून मोठ्या बँकांनी रोकडीची सोय चालू ठेवावी असा कायदा करावा लागला, आणि २०२४ मध्ये संकटकाळासाठी घरोघर वाटलेल्या सरकारी पुस्तिकेत नागरिकांना काही रोकड, तीही लहानमोठ्या नोटांत, जवळ ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. खुर्द्याचे महत्त्व त्यांना खुर्दा सोडल्यावर कळले.

तेव्हा रोकड जाईल काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. रोजच्या देण्याघेण्यातून नोटेची जागा आकसत जाईल. कदाचित ती शिवराईसारखी दीर्घकाळ रेंगाळेल, कदाचित आणेवारीसारखी केवळ भाषेत उरेल. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला आहे. तो एखाद्या व्यापारी बँकेच्या वहीतला नव्हे, तर नोटेप्रमाणेच रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या जबाबदारीचा पैसा आहे, आणि जाळे बंद असतानाही तो देता-घेता यावा असे प्रयत्न चालू आहेत. ही दिशा योग्य आहे. पण ज्या दिवशी डोळ्यांना न दिसणाऱ्या, बोटांचे ठसे झिजलेल्या, मोबाइल नसलेल्या माणसालाही हा पैसा, कोणाच्या मध्यस्थीवाचून, नोटेइतक्या सहज घेता आणि देता येईल, त्याच दिवशी नोटेचे काम संपले असे म्हणता येईल. तोवर सरकारी आणि सार्वजनिक उपयोगाच्या प्रत्येक खिडकीवर रोकड स्वीकारली गेली पाहिजे, आणि तीही बट्ट्यावाचून.

जुने चलन केव्हा सोडावयाचे, हे ठरविण्याचा मान सर्वांत लहान हाताला असावा. १८०३ नंतरच्या ओडिशात तो त्याला मिळाला नाही; १९५७ मध्ये बऱ्याच अंशी मिळाला. पानिपतच्या सावकाराजवळ खुर्दा मोजण्याचे साधन नव्हते, हे आपण समजू शकतो. आपल्याजवळ तर दर क्षणाचा व्यवहार मोजणारी यंत्रे आहेत. आपण मोजले नाही, तर ते आपल्याला मोजावयाचे नव्हते, असाच त्याचा अर्थ होईल. पुढील खेपेला गावी जाताना मी दहा-वीसच्या नोटा बरोबर नेणार आहे.